आधीं माप, मग पुस्तक

(नामपूर येथें शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



सुताराला आपण दाराची चौकट करावयास सांगितली, तर तो आधीं दाराची उंची-रुंदी मोजतो आणि मग लाकडाला करवत लावतो. अंगणांत जेवढें लाकूड पडलें होतें तेवढें सगळें ठोकून टाकलें, आतां चौकट झाली, असें एखादा सुतार म्हणाला तर आपण त्याला मजुरी द्याल काय? पण शाळेंत इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र या विषयांचें काम पुष्कळ ठिकाणीं असेंच चालतें. जूनमध्यें पुस्तक हातीं पडतें, पहिल्या पानापासून वाचन सुरू होतें, आणि शेवटचें पान आलें कीं विषय 'झाला' अशी वहींत नोंद होते. पुस्तक संपलें काय, हें सगळे विचारतात. मुलाला काय येऊं लागलें, हें कोणी विचारीत नाहीं.

आज आम्ही ज्या मापाविषयीं बोलणार आहों, तें सरकारनेंच करून ठेवलेलें आहे. त्याचें नांव 'अध्ययन निष्पत्ति'. नांव अवघड, पण अर्थ सोपा. अमुक इयत्ता संपतांना मुलाला काय काय करतां आलें पाहिजे, याची ती यादी. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें पहिली ते आठवीसाठीं ही यादी २०१७ सालीं काढली, आणि त्याच सालीं शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत तिला जागा मिळाली. पुढें बालभारतीच्या पुस्तकांतून ती छापली जाऊं लागली. २०१८ सालीं निघालेलें आठवीचें इतिहास व नागरिकशास्त्राचें पुस्तक घरीं असेल, तर त्याचीं आरंभींचीं पानें उघडून पाहा. धडे सुरू होण्याआधीं हें माप तेथें छापलेलें आहे. पण मुलें तें पान उलटून पुढें जातात, आणि पालकांना तें कोणीं दाखविलेलें नसतें.

त्या मापाची भाषा कशी आहे तें ऐका. 'मुलानें अमुक धडा वाचावा' असें त्यांत नाहीं. पांचवीसाठीं म्हटलें आहे कीं, पंचायत, बँक, सहकारी संस्था, पोलिसठाणें अशा संस्थांचें रोजच्या जिण्यांत काय काम असतें, तें मुलाला सांगतां यावें. सहावीसाठीं म्हटलें आहे कीं, इतिहास कोणकोणत्या साधनांवरून कळतो तें ओळखतां यावें, आणि गांवच्या व शहराच्या कारभारी संस्था आरोग्य व शिक्षण यांसाठीं काय करतात तें सांगतां यावें. सातवीसाठीं म्हटलें आहे कीं, बाजाराचे निरनिराळे प्रकार ओळखतां यावेत आणि माल एका बाजारांतून दुसऱ्या बाजारांत कसा जातो त्याचा माग काढतां यावा. सांगणें, ओळखणें, माग काढणें, हीं सगळीं मुलानें स्वतः करावयाचीं कामें आहेत. नुसतें पान वाचून यांतलें एकही होत नाहीं. आणि यांतलें प्रत्येक काम नामपुरांत राहून होण्यासारखें आहे. हीच गोष्ट आम्हांला आज तुमच्यापुढें मांडावयाची आहे.

शेतकऱ्याच्या मुलानें शाळेंत काय शिकावें, हा प्रश्न आजचा नाहीं. १८८२ सालीं शिक्षणाच्या चौकशीसाठीं हंटरसाहेबांचें कमिशन बसलें, तेव्हां जोतीराव फुले यांनीं त्यापुढें लेखी निवेदन केलें. रयतेच्या घामावर जमा होणारा सारा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हें त्यांनीं निर्भीडपणें सांगितलें. पण तक्रार करून ते थांबले नाहींत. खालच्या शाळांत काय शिकवावें, याची यादीच त्यांनीं पुढें ठेवली. मोडी व बाळबोध लिहितां-वाचतां यावें, हिशेब यावा, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची मूळ ओळख असावी, शेतीचें प्राथमिक ज्ञान मिळावें, आणि नीति व आरोग्य यांवर थोडे धडे असावेत. शिक्षकही असा असावा कीं, वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्याला लाज वाटूं नये.

त्या यादींत मोडी कशाला, असें कोणी विचारील. मोडी अशासाठीं कीं त्या काळीं कर्जरोखे आणि दफ्तरांतले कागद मोडींत असत, आणि ज्याला तें वाचतां येत नसे तो दुसऱ्यानें सांगितलें त्यावर अंगठा उठवी. आज कागद बाळबोधांत आहेत आणि मुलांना बाळबोध वाचतां येतें. तरी सातबारा पुढें ठेवला तर भोगवटादाराचें नांव कोठें आणि पिकाची नोंद कोठें, हें दहावीच्या किती मुलांना दाखवितां येईल, तें घरोघर एकदां पाहावें. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करावयाची सोय झाली आहे. ज्या घरांत कोणाला ती करतां येत नाहीं, तें घर नोंदीसाठीं दुसऱ्याच्या दारांत उभें राहतें. अंगठा गेला, परावलंबन गेलें नाहीं.

मग या विषयाकडे दुर्लक्ष कां होतें? कारण उघड आहे. २०२१ सालीं 'निपुण भारत' मोहीम निघाली, ती वाचन आणि अंकगणित यांची. शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत मराठी, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. त्या गोष्टी हव्यातच. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला सातबारा तरी काय वाचतां येणार? पण ज्याची परीक्षा होते त्याला वेळ मिळतो आणि ज्याची होत नाहीं तें मागें सरतें, असा शाळेचा कायदाच झाला आहे. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र मागें सरलें कीं काय होतें? मुलाला वाचतां येतें, पण गांवचा कारभार कोण करतो, आपल्या मालाचा भाव कोठें ठरतो, आपल्या वाडवडिलांनीं काय उभें केलें, हें कळत नाहीं. अशा माणसाला वापरून घेणें फार सोपें असतें.

आतां मापावरून वर्षाची आंखणी कशी करावयाची, तें सांगतों. पायऱ्या तीनच आहेत. पहिली, वर्षाच्या शेवटीं मुलाला काय करतां येईल तें साध्या मराठींत लिहून काढावें. दुसरी, तें खरोखर येतें कीं नाहीं हें कसें तपासणार, तें शिकविण्यापूर्वींच ठरवावें. तिसरी, तेथवर पोंचावयास कोणते धडे, कोणत्या भेटी आणि किती तास लागतील, तें मांडावें. पुस्तक या तिसऱ्या पायरीवर येतें. तें टाकून द्यावयाचें नाहीं. पण कोणतें पान केव्हां उघडावयाचें, तें मापानें ठरवावें.

सातवीचा बाजाराचा विषय उदाहरणाला घेऊं. पहिली पायरी अशी: एक क्विंटल कांदा नामपूरच्या शेतांतून निघून खाणाऱ्याच्या ताटांत जाईपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून गेला आणि वाटेंत कोणीं काय घेतलें, हें मुलानें सांगावें. दुसरी पायरी: मुलानें पूर्वीं न पाहिलेली एक हिशेबपट्टी, नांव झांकून, त्याच्या हातीं द्यावी आणि त्यांतली प्रत्येक कपात कशाची, ती बरोबर कीं चूक, हें विचारावें. तिसऱ्या पायरीला आमच्या अंदाजानें आठ तास लागतात. दोन तास पुस्तकांतला पाठ, एक सकाळ बाजार समितीच्या आवारांत लिलाव पाहण्यासाठीं, दोन तास पट्टीचा हिशेब, एक तास नकाशा, आणि उरलेले तास मुलांच्या सांगण्यासाठीं. लिलावाची सकाळ आम्ही एकाच तासांत धरली आहे, कारण तो तास शाळा भरण्यापूर्वींचा आहे.

त्या पट्टींत हमाली, तोलाई, वाराई हे शब्द येतात. त्यांतली प्रत्येक रक्कम कोणत्या कामाची आणि ती कोणीं सोसावी, यावर मुलांनीं वाद घालावा. अडतीचें उदाहरण तर मुद्दाम घ्यावें. कांदा-बटाटा, फळें व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी, असें महाराष्ट्रांत २०१६ सालीं ठरलें. कायदा बदलला म्हणजे पट्टींतला आंकडा बदलतो, हें ज्या मुलानें एकदां डोळ्यांनीं पाहिलें, त्याला कायदा म्हणजे काय हें निराळें पढवावें लागत नाहीं.

नकाशाचा तास याच कांद्यावर घ्यावा. आपला कांदा बांगलादेशांत, मलेशियांत, आखाती देशांत जातो. डिसेंबर २०२३ मध्यें दिल्लीहून निर्यातबंदीचा हुकूम निघाला, ती बंदी मे २०२४ मध्यें उठली. पण निर्यातीवर कर राहिला, आणि तो कर १ एप्रिल २०२५ पासून गेला. हुकूम कोठें निघाला, माल कोठें अडला आणि भाव कोठें पडला, हीं तीन ठिकाणें मुलानें नकाशावर दाखवावींत. मग शहरांतल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून सरकार असें कां करतें, हेंही विचारावें. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय त्याला नागरिकशास्त्र आलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

येथें शिक्षकानें एक पथ्य पाळलें पाहिजे. 'तुमची जमीन किती?' असा प्रश्न वर्गांत कोणा मुलाला करूं नये. ज्याच्या घरीं बिघाभर रान नाहीं, त्याची मान खालीं घालणारें शिक्षण आपल्याला नको. मजुरी करणाऱ्या बाईच्या मुलीला कांदा काढणीचा दर ठाऊक असतो, हमालाच्या मुलाला गोणीचें वजन ठाऊक असतें, टेंपोवाल्याच्या मुलाला भाडें ठाऊक असतें. बाजाराचा धडा नीट मांडला तर प्रत्येकाच्या घरचें ज्ञान वर्गांत येतें आणि कोणीही रिकाम्या हातीं बसत नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या नदीचें. मोसम, आरम, गिरणा, पांझरा या खोऱ्यांत फडपद्धति पिढ्यान् पिढ्या चालत आली. नदींत दगडी बंधारा, त्यांतून पाट, आणि पाटाखालच्या रानाचे तीन-चार मोठे फड. एका फडांत सगळ्यांनीं एकच पीक घ्यावयाचें आणि सालोसाल पिकांची पाळी फिरवावयाची. शेतकऱ्याचे तुकडे निरनिराळ्या फडांत असत. म्हणून पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा एकट्याच्या माथीं न बसतां सगळ्यांत वांटला जाई. पाणी सोडावयास पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला शेतकरी मिळून धान्यानें देत. पुढें विहिरी वाढल्या, वरच्या अंगाला हरणबारीसारखीं धरणें झालीं, आणि पुष्कळ फड मोडले. सरकारी इंजिनियर नव्हता तेव्हां या लोकांनीं पाण्याचा कारभार चालविला. संस्था म्हणजे काय, नियम कोण करतो आणि तो मोडणाऱ्याला कोण विचारतो, हें पांचवीच्या मुलाला समजावयास याहून चांगला धडा कोणता?

मात्र हा धडा नुसता अभिमानाचा होऊं देऊं नये. फडांत ज्याची जमीन होती त्याला पाणी मिळालें. ज्याला जमीनच नव्हती त्याला काय मिळालें? लोहार, कुंभार, चांभार यांचा वांटा कोणीं ठरविला? गांवकुसाबाहेरच्या वस्तीला बंधाऱ्याचें पाणी भरतां येत होतें काय? हे प्रश्न मुलांनीं आपल्या आजा-आजीला विचारावेत. अहिराणींत विचारावेत, अहिराणींत ऐकावेत, आणि मग मराठींत लिहून आणावेत. आजीचें बोलणें हेंही इतिहासाचें साधन आहे, आणि सहावीचें माप साधनें ओळखावयासच तर सांगतें.

साधनांवरून तिसरें उदाहरण. आपल्या बागलाणांत साल्हेर व मुल्हेर हे किल्ले आहेत. मुल्हेर ही बागूल राजांची राजधानी. १६३८ सालीं तें राज्य मोंगलांनीं घेतलें. १६७२ सालीं साल्हेरीला मराठ्यांनीं मोंगली फौजेचा मोड केला. साल्हेर १,५६७ मीटर उंच आहे, आणि जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत जागा मिळाली, त्यांत तो आहे. हीं नांवें व सालें मुलांना यावींतच. पण किल्ल्यावर गेल्यावर मुलानें दगडाकडेही पाहावें. कातळांत पाण्याचीं टाकीं खोदणारा पाथरवट कोण? दाणा-वैरण डोक्यावरून चढविणारीं माणसें कोण? बखरींत त्यांचें नांव नसतें, पण त्यांच्या छिणीच्या खुणा टाक्यांत अजून दिसतात. ती खूण वाचतां येणें म्हणजे साधन ओळखणें.

तसेंच आपल्या सटाण्याच्या यशवंतराव महाराजांविषयीं. मामलेदार असतांना १८७०-७१ च्या दुष्काळांत त्यांनीं सरकारी खजिना भुकेल्यांस वांटला, असें घरोघर सांगतात. म्हणूनच लोक त्यांना देवमामलेदार म्हणतात. ही गोष्ट मुलांना आधींच माहीत असते. शिक्षकानें एवढेंच पुढें विचारावें: ही आपल्याला कोणीं सांगितली? ती लिहिली गेली केव्हां? खजिन्याची वही कोणत्या कचेरींत असेल? त्या सालीं पाऊस किती पडला, हें कोठें कळेल? असें विचारल्यानें श्रद्धेचा अपमान होत नाहीं. सांगितलेलें काय आणि लिहिलेलें काय, यांतला फरक मुलाला कळतो. आज मोबाईलवर घटकेघटकेला अफवा येतात, त्या काळांत हा फरक न कळणें महागांत पडतें.

आतां वर्षाची मांडणी. सहावी ते आठवीसाठीं कायद्यानें २२० दिवस आणि १,००० तास ठरविले आहेत. त्यांत सगळे विषय, परीक्षा व उत्सव बसवावयाचे. म्हणून महिना पाहून धडा बसवावा. जून-जुलैंत पाऊस व पेरणी असते, तेव्हां नदी, माती व नकाशा घ्यावा. १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा गांवांत होतात, त्याआधीं पंधरा दिवस ग्रामपंचायतीचा पाठ घ्यावा आणि मुलांनीं ग्रामसभेची नोटीस स्वतः वाचावी. शाळेचें पाणी, मुलींचें स्वच्छतागृह, दवाखान्याची वेळ, यांवर एक अर्ज मुलांनीं लिहावा आणि त्याचें उत्तर काय येतें तें पाहावें. दिवाळीनंतर थंडींत किल्ला. मार्च-एप्रिलांत उन्हाळी कांदा निघतो, तेव्हां बाजार. पुस्तकांत हे धडे मागें-पुढें असतील. क्रम बदलावयास हरकत नाहीं. माप चुकतां कामा नये.

यावर दोन आक्षेप येतात. कोणी म्हणतो, "गुरुजी, आमच्या पोराला नोकरीच्या परीक्षेला बसवावयाचें आहे, बाजार आणि बंधारा तर तो घरींच पाहतो." त्यांना आमचें सांगणें असें कीं, तलाठ्याच्या काय किंवा पोलिसभरतीच्या काय, परीक्षेंत पंचायतराज्य, इतिहास व भूगोल यांवर प्रश्न असतातच. ज्यानें ग्रामसभा पाहिली आहे, त्याला तिचे नियम घोकावे लागत नाहींत. दुसरा आक्षेप असा कीं, गांवचेंच शिकवीत बसलें तर मूल गांवांतच अडकेल. पण कांद्याच्या एका पट्टीनें मूल दिल्लीला व ढाक्याला पोंचलें, तें तुम्ही आतांच ऐकलेंत. गांव ही पहिली पायरी आहे. माप मुलाला तेथून पुढें जावयास सांगतें.

खरा धोका निराळाच आहे. माप कागदावर राहण्याचा तो धोका. टांचणवहींत निष्पत्तीचें वाक्य उतरून काढावयाचें, तपासणीला दाखवावयाचें, आणि वर्गांत पुन्हा पहिल्या पानापासून वाचन सुरू करावयाचें, असें झालें तर नवें नांव आणि जुनाच खेळ. निवडणूक, जनगणना, नाना प्रकारची माहिती भरणें यांत शिक्षकाचा वेळ जातो, हें आम्ही जाणतों. पण तेवढ्यासाठींच जो वेळ उरतो तो मापानें वापरला पाहिजे.

आणि येथेंच तुमचें काम आहे. शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश पालक ठेवले आहेत आणि निम्म्या स्त्रिया. ती समिति नुसत्या सह्या करण्यासाठीं नाहीं. शाळेचा विकास-आराखडा करण्याचें काम कायद्यानें तिला दिलें आहे. पुढच्या सभेला या आणि आम्हां शिक्षकांना तीन प्रश्न विचारा. या वर्षाच्या शेवटीं माझ्या मुलीला या विषयांत काय करतां येईल? तें येतें कीं नाहीं हें तुम्ही कसें पाहणार? आणि त्यासाठीं गांवांतलें काय वापरणार? मराठी साध्या भाषेंत उत्तर मिळेपर्यंत बसून राहा. प्रश्न विचारणें हा शिक्षकाचा अपमान नव्हे. गवंड्याला आपण भिंत ओळंब्यांत आहे काय म्हणून विचारतोंच कीं नाहीं?

कारागीर बंधूंना वेगळी विनंति. तुमच्यापैकीं कोणी पाथरवट असाल, लोहार असाल, कुंभार असाल, तर वर्षांतून एक तास वर्गांत येऊन बसा. तुमचें हत्यार कसें बनतें, कच्चा माल कोठून येतो, धंदा कां उतरला, हें मुलांना सांगा. खेड्यांत कोणता धंदा चालतो आणि कोणता कां चालत नाहीं, याचीं कारणें सांगतां यावींत, हेंही त्या मापांत लिहिलेलें आहे. तें शिकवावयास तुमच्याहून जाणता माणूस अध्यापक विद्यालयांत देखील मिळावयाचा नाहीं. तेथें शिकलेला माणूसच हें तुम्हांस सांगतो आहे.

मायबहिणींनो, घरीं गेल्यावर मुलाच्या दप्तरांतलें पुस्तक काढा आणि आरंभींचीं पानें त्यालाच मोठ्यानें वाचावयास सांगा. मापाचें पान सांपडलें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं शाळेंत या. आम्ही तें उतरून देऊं.